चोवीस वर्षे आणि एक जोडइमारत : गोथेनबर्गच्या नगरभवनाचा प्रकरण अभ्यास

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग शहराने आपल्या सतराव्या शतकातील नगरभवनाच्या विस्तारासाठी स्थापत्यस्पर्धा घेतली. १९१३ साली तिचा निकाल लागला आणि गुन्नार आस्प्लुंड या विशीच्या उत्तरार्धातील वास्तुविशारदाला पहिले पारितोषिक मिळाले. विस्ताराची इमारत पूर्ण झाली ती मात्र १९३७ साली. मधल्या चोवीस वर्षांत आराखडे पुन्हा पुन्हा बदलले, काम थांबले, पुन्हा हाती घेतले गेले, आणि अखेर जे उभे राहिले त्याचा पारितोषिक मिळालेल्या आराखड्याशी फारसा संबंध उरला नव्हता. वास्तुविशारद तेवढा तोच राहिला. जुन्या सार्वजनिक इमारतीला नवी जोड कशी द्यावी या प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरे एकाच माणसाने एकाच जागेसाठी काढावीत, हे क्वचितच घडते, आणि त्यामुळेच वारसा-इमारतींचा विचार करणाऱ्यांसाठी हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे.

या प्रकरणाची नेहमीची मांडणी अशी असते की आस्प्लुंड प्रथम राष्ट्रीय परंपरेच्या प्रभावाखाली होता, पुढे अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन वळणाच्या, शैलीकडे वळला, शेवटी आधुनिक झाला, आणि नगरभवनाचा दर्शनी भाग त्याच्यामागोमाग बदलत गेला. ही मांडणी चुकीची नाही, पण तिच्यात सगळे लक्ष चौकाकडे तोंड केलेल्या भिंतीवर खिळते. शहरातील लोकांनी वाद घातला तोही त्याच भिंतीवरून. माझ्या मते जुन्या आणि नव्या इमारतीचे नाते त्या भिंतीवर फक्त दिसते. ते ठरले आहे आत, म्हणजे दार कुठे ठेवले, अंगणाचे काय केले आणि न्यायालयात (विस्तार मुख्यतः त्याच्यासाठीच होता) आलेल्या माणसाला कोणत्या वाटेने वर नेले, या तीन निर्णयांत.

शहर, चौक आणि जुनी इमारत

गोथेनबर्ग हे ठरवून वसवलेले शहर आहे. राजा गुस्ताफ दुसरा अडॉल्फ याने १६२१ साली त्याला सनद दिली, त्या वेळी नॉर्वे आणि आजच्या स्वीडनचा दक्षिण व पश्चिम किनाऱ्याचा बराचसा भाग डेन्मार्कच्या राजाकडे होता, आणि पश्चिमेकडील समुद्र गाठण्यासाठी स्वीडनला योटा नदीच्या मुखाजवळची चिंचोळी पट्टी तेवढी मोकळी होती. जमीन दलदलीची आणि चिकणमातीची होती. अशा जमिनीवर शहर उभारण्याचे काम त्या काळच्या युरोपात डच लोकांइतके कोणाला अवगत नव्हते, म्हणून आखणी, कालवे आणि तटबंदी यांत डच तज्ज्ञांचा मोठा वाटा राहिला. सुरुवातीच्या नगरपरिषदेतही स्वीडिश सदस्यांच्या जोडीला डच, जर्मन आणि स्कॉटिश व्यापारी बसत असत. शहराच्या मध्यातून मोठा बंदर-कालवा नेलेला होता आणि त्याच्या उत्तर काठावर मुख्य चौक होता. याच कालव्याच्या काठी पुढे १७३१ साली स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची वखार आली आणि चीनहून आलेला चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी तिथे लिलावात निघू लागली.

चौकाच्या पश्चिम बाजूला, कालव्याच्या कोपऱ्यावर, १६७२ साली नगरभवन पूर्ण झाले. त्याचा आराखडा थोरल्या निकोडेमस टेसिनचा होता. स्ट्राल्सुंड येथे जन्मलेला हा वास्तुविशारद त्या काळात स्वीडनच्या राजदरबाराचा विश्वासू होता. स्टॉकहोमजवळचा ड्रॉटनिंगहोम राजवाडा आणि कालमारचे कॅथेड्रल ही त्याची कामे आजही प्रसिद्ध आहेत. गोथेनबर्गची इमारत त्यांच्या तुलनेत साधी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर आणखी एक मजला चढवला गेला, दर्शनी भागाला अभिजात वळण मिळाले, आणि आज चौकातून जे दिसते ते बव्हंशी त्या फेरबदलाचे रूप आहे : पिवळसर गिलावा, भिंतीतून थोडेसे पुढे आलेले सपाट अर्धस्तंभ, आणि मधल्या भागावर त्रिकोणी माथा. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे ज्या वेळी ‘टेसिनच्या इमारतीचा अपमान’ अशी भाषा होऊ लागली त्या वेळी ज्या चेहऱ्याबद्दल लोक बोलत होते तो टेसिनच्या काळाहून सुमारे दीडशे वर्षांनी तरुण होता. ज्या इमारतीला हात लावू नये असे वाटत होते, तिला आधीच्या पिढ्यांनी पुरेसे हात लावलेले होते.

स्वीडनमधील अशा नगरभवनांत शहराचे न्यायालय आणि शहराचा कारभार पाहणारे अधिकारीमंडळ एकत्र बसत असे. १८६२ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य संस्थांना नवी चौकट दिली आणि निवडून आलेल्या नगरसभा वेगळ्या काम करू लागल्या; गोथेनबर्गची नगरसभा त्याच चौकाच्या उत्तर बाजूला, १८४९ साली बांधलेल्या शेअर बाजाराच्या देखण्या इमारतीत भरते. शहरांची न्यायालये मात्र १९७१ च्या न्यायव्यवस्थेतील फेररचनेपर्यंत आपल्या जुन्या रूपात टिकून होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोथेनबर्गला जी जागा कमी पडत होती ती मुख्यतः न्यायदालनांची, प्रतीक्षेच्या जागेची आणि न्यायालयीन कचेऱ्यांची होती. जोडइमारत म्हणजे व्यवहारात न्यायालयाची इमारत, ही गोष्ट पुढच्या सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागते.

चौकाच्या मधोमध शहराच्या संस्थापक राजाचा पुतळा आहे आणि १८५४ साली तो बसवल्यापासून चौकही त्याच्याच नावाने ओळखला जातो. या पुतळ्याची हकिकत विषयाला थोडी सोडून असली तरी सांगण्यासारखी आहे. शिल्पकार बेंग्ट फोगेलबर्ग याच्या नमुन्यावरून ओतलेला पहिला पुतळा समुद्रमार्गे येत असताना हेलिगोलँड बेटाजवळ जहाज फुटले, बेटावरील लोकांनी पुतळा वाचवून भरमसाट मोबदला मागितला, आणि व्यापारी वृत्तीच्या गोथेनबर्गकरांनी तो देण्याऐवजी दुसरा पुतळा ओतवून घेतला. पहिला पुतळा अखेर जर्मनीतील ब्रेमेन शहरात गेला. चौकाशी संबंधित कोणत्याही खर्चाबाबत हे शहर घाई करत नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

एकाच जागेसाठी अनेक उत्तरे

१८८५ साली जन्मलेला आस्प्लुंड ज्या पिढीत घडला तिच्यावर स्वीडिश राष्ट्रीय स्वच्छंदतावादाचा, म्हणजे देशी, जुन्या बांधकामपरंपरेतून प्रेरणा घेणाऱ्या शैलीचा, दाट ठसा होता. सरकारी कला अकादमीतील शिक्षण नाकारून त्याने आणि सिगुर्ड लेवेरेन्ट्स व इतर काही मित्रांनी १९१० मध्ये क्लारा शाळा नावाचा स्वतंत्र वर्ग सुरू केला, आणि तिथे शिकवायला राग्नार ऑस्टबर्ग, इव्हार टेंगबोम, कार्ल वेस्टमन आणि कार्ल बर्गस्टेन हे त्या काळचे नावाजलेले वास्तुविशारद येत असत. यांपैकी ऑस्टबर्ग त्याच वेळी स्टॉकहोमचे नवे नगरभवन बांधत होता. १९२३ साली उद्घाटन झालेली, सुमारे ऐंशी लाख विटांची आणि १०६ मीटर उंच मनोऱ्याची ती इमारत आज जगभर नोबेल मेजवानीमुळे ओळखली जाते. पण स्थापत्याच्या दृष्टीने तिची खरी करामत अशी की ती पूर्णपणे नवी असूनही शतकानुशतके वाढत गेल्यासारखी भासते. ऑस्टबर्गने नसलेला इतिहास विटांत उभा केला. त्याच्या विद्यार्थ्यापुढे गोथेनबर्गमध्ये असलेला इतिहास होता, आणि तो कसा हाताळावा हे कळायला त्याला बराच काळ लागला.

१९१३ च्या पारितोषिकप्राप्त आराखड्यात आस्प्लुंडने जुन्या आणि नव्या भागाला एकच रूप द्यायचे ठरवले होते, आणि ते रूप राष्ट्रीय स्वच्छंदतावादी होते. म्हणजे नव्या भागाशी जुळावे म्हणून जुन्या इमारतीचाच चेहरा बदलायचा. आज हे धाडसाचे, किंबहुना उद्धटपणाचे वाटते. पण त्या काळी तो अपरिचित मार्ग नव्हता, कारण इमारत एकसंध दिसली पाहिजे हा आग्रह अनेकांचा होता आणि एकोणिसाव्या शतकातील अभिजात गिलावा फार मोलाचा आहे असे बरेच जण मानत नव्हते. आराखड्यावर टीका झाली, पहिले महायुद्ध आले, आणि काम लांबणीवर पडले.

दरम्यान आस्प्लुंड १९१३-१४ मध्ये इटलीचा प्रवास करून आला होता आणि त्याची नजर अभिजात स्थापत्याकडे वळू लागली होती. १९१५ साली लेवेरेन्ट्ससोबत त्याने स्टॉकहोमच्या वन-स्मशानभूमीची स्पर्धा जिंकली; १९१७ ते १९२१ या काळात सोल्व्हेसबोर्ग येथे लिस्टर जिल्ह्याचे छोटे न्यायालय बांधले, ज्यातील न्यायदालन वर्तुळाकार आहे. न्यायालयात येणाऱ्या माणसाच्या अनुभवाचा विचार तो गोथेनबर्गच्या कितीतरी आधीपासून करत होता, याचा हा पुरावा आहे. याच काळात गोथेनबर्गच्या संपूर्ण चौकाच्या पुनर्रचनेचा प्रश्नही स्पर्धेतून हाताळला गेला आणि तिथेही त्याला यश मिळाले. नगरभवनाचे नंतरचे आराखडे याच वळणाचे आहेत. १९२० च्या आसपास आणि पुढे १९२० च्या दशकाच्या मध्यावर काढलेल्या चित्रांत जुना दर्शनी भाग जसाच्या तसा राहतो आणि नवा भाग त्याचीच अभिजात लय पुढे नेतो. म्हणजे उत्तर उलटे झाले : आधी जुन्याने नव्यासारखे व्हायचे होते, आता नव्याने जुन्यासारखे.

पैशाची अडचण आणि नगरसभेतील चालढकल यांमुळे हेही आराखडे कागदावरच राहिले, आणि माझ्या मते ही त्या इमारतीची भाग्याची गोष्ट ठरली. स्टॉकहोमचे सार्वजनिक ग्रंथालय १९२८ मध्ये पूर्ण करून आस्प्लुंडने अभिजात भाषेतील आपले सर्वांत मोठे विधान करून टाकले होते. दोनच वर्षांनी, १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनाचा मुख्य वास्तुविशारद म्हणून त्याने पोलाद, काच आणि कापडी छते यांची एक हलकीफुलकी नगरी पाण्याच्या काठी उभी केली आणि स्वीडनमध्ये आधुनिक स्थापत्याला सार्वजनिक मान्यता मिळवून दिली. १९३४ च्या सुमारास गोथेनबर्गचे काम पुन्हा हाती आले तेव्हा त्याच्याकडे दोन्ही भाषा होत्या, आणि दोन्हींच्या मर्यादाही त्याला ठाऊक झाल्या होत्या. तरीही दर्शनी भागाचा प्रश्न सुटला नव्हता. सुरुवातीला मंजूर झालेली आवृत्ती अजूनही जुन्या लयीला धरून होती. बांधकाम सुरू झाल्यानंतरही त्या भिंतीची रेखाटने बदलत राहिली आणि अंतिम रूप अगदी उशिरा ठरले.

चौकाकडची भिंत

अंतिम रूपात नव्या भागाने जुन्या इमारतीकडून काय घेतले आणि काय नाकारले हे पाहण्यासारखे आहे. उंचीचा अंदाज, मजल्यांची विभागणी आणि गिलाव्याचा पिवळसर रंग त्याने घेतला. अर्धस्तंभ, त्रिकोणी माथा आणि खिडक्यांभोवतीची नक्षी त्याने घेतली नाही. मात्र जुन्या भिंतीवरील अर्धस्तंभांची उभी लय त्याने एका वेगळ्या रूपात पुढे चालवली : नव्या इमारतीचा सांगाडा उभ्या आणि आडव्या सपाट पट्ट्यांच्या रूपाने भिंतीवर उघडा दिसतो, आणि त्या पट्ट्यांमधील चौकटींत किंचित मागे सरकलेली भिंत भरलेली आहे. जुन्या इमारतीत स्तंभ ही भिंतीवर काढलेली सजावट होती. नव्या इमारतीत तीच लय खऱ्या आधाराची झाली. हे नाते सूक्ष्म आहे आणि चौकातून धावत्या नजरेने पाहणाऱ्याच्या ते लक्षात येईलच असे नाही.

लक्षात येते ती दुसरी गोष्ट. प्रत्येक चौकटीत खिडकी मधोमध बसवलेली नाही. ती डावीकडे, म्हणजे जुन्या इमारतीच्या बाजूला, सरकवलेली आहे. एकामागून एक चौकटींत हाच कल दिसत असल्यामुळे सगळी भिंत जुन्या इमारतीकडे झुकल्यासारखी वाटते. खिडक्यांच्या वर शिल्पकार एरिक ग्राटे याची चार वाऱ्यांवरील उठावशिल्पे आहेत आणि तीच या भिंतीवरची एकमेव अलंकृत गोष्ट आहे. खिडक्या सरकवण्यामागचे कारण केवळ दृश्य नव्हते. मधोमध खिडक्या ठेवल्या असत्या तर प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण झाली असती आणि नवा भाग स्वतःच्या पायावर उभी असलेली दुसरी इमारत वाटला असता. शिवाय अशा समतोल भिंतीला मधोमध दारही हवे झाले असते. आणि चौकाच्या बाजूने या भागाला स्वतःचे मुख्य दार द्यायचेच नाही, हा तर सगळ्या रचनेचा कणा होता.

या भिंतीबद्दल माझे मत संमिश्र आहे. तिची विचारसरणी नेमकी आहे, पण उजव्या टोकाला ती जशी संपते तिथे ती थोडी अचानक संपते, आणि उत्तरेकडील मंद उजेडात उठावशिल्पे सोडली तर तिच्यावर सावली धरून ठेवणारे फार थोडे आहे. जुन्या भिंतीवर ढगाळ दिवशीसुद्धा खोली जाणवते. नवीवर जाणवत नाही.

आतली वाट

जोडइमारतीत जायचे तर जुन्या इमारतीच्या मधल्या दारातून आत शिरावे लागते. चौकाशी शहराचे जे जुने नाते होते ते असे अबाधित राहिले : न्यायालयात जाणारा माणूस १६७२ पासून ज्या ठिकाणी दार आहे तिथूनच शहराच्या कारभारात प्रवेश करतो आणि मग उजवीकडे वळून नव्या भागात पोहोचतो. नवी इमारत जुनीच्या शेजारी उभी आहे असे बाहेरून वाटते. आतून पाहिले तर ती जुनीच्या पाठीशी, तिच्या अंगणाला बिलगून वाढलेली आहे.

अंगण हा या रचनेचा दुसरा आधार. जुन्या इमारतीचे पंख आणि नवा भाग यांच्यामध्ये ते वाड्याच्या चौकासारखे मोकळे राखलेले आहे, आणि नव्या भागातील मुख्य दालनाची अंगणाकडची बाजू जवळजवळ संपूर्ण काचेची आहे. त्यामुळे दालनात उभ्या असलेल्या माणसाला अंगणापलीकडे सतत जुनी भिंत दिसत राहते. १९१३ मध्ये जुन्या-नव्याची एकरूपता साधण्यासाठी जुन्याचा चेहरा बदलावा लागणार होता. १९३७ मध्ये जुना चेहरा नव्या दालनाची चौथी भिंत होऊन बसला. एकत्र आणण्याचे काम शैलीवर सोपवण्याऐवजी ते मोकळ्या जागेवर सोपवले गेले, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापल्या काळात राहता आले. सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय हाच आहे.

काचेच्या या भिंतीची एक अडचण होती आणि तिचे उत्तरही पाहण्याजोगे आहे. गोथेनबर्ग सुमारे ५७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून नऊ अंशांच्या आसपासच राहतो. एवढ्या खालून येणारे ऊन अंगणाच्या दक्षिणेकडील जुन्या पंखामुळे अडते आणि दालनापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दालनाच्या छतात, त्याच्या खोल बाजूवर, दक्षिणेकडे तोंड केलेली उंच काचेची खिडकी ठेवली आहे, जी जुन्या छपरावरून येणारा उजेड आत घेते. परिणामी दालनाच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश येतो, समोरच्या माणसाचा चेहरा काळवंडत नाही, आणि ज्या जागेत लोक तासन् तास आपल्या सुनावणीची वाट पाहत बसणार आहेत ती भुयारासारखी वाटत नाही.

दालन अनेक मजल्यांएवढे उंच असून त्याच्या भोवती सज्जे फिरतात. न्यायदालने पहिल्या मजल्यावर, या सज्जांच्या कडेने आहेत. खांब बारीक आणि कडांना गोलाई दिलेले आहेत. भिंती, कठडे आणि न्यायदालनांचे बाह्यांग मोठ्या प्रमाणावर ओरेगॉन पाइनच्या लाकडी आवरणाने मढवलेले आहे. न्यायदालनांच्या भिंतींना वक्र वळणे आहेत. टणक कोपरे आणि दगडी भव्यता यांतून राज्यसत्तेचा दरारा निर्माण करणे हा युरोपातील न्यायालयांचा जुना रिवाज होता; इथे हात लागतो तो लाकडाला, आणि कोपरे असतात तिथे वळण मिळते. मोठे घड्याळ, पिण्याच्या पाण्याची सोय, बाके, खुर्च्या, दिवे, काचेची उद्वाहिका अशा सर्व गोष्टी आस्प्लुंडने स्वतः लक्ष घालून ठरवल्या. या इमारतीसाठी त्याने रेखाटलेल्या खुर्च्यांपैकी एक पुढे कित्येक दशकांनी इटलीत पुन्हा उत्पादनात आली.

तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर नेणारा जिना हा या दालनाचा सर्वाधिक चर्चेत राहिलेला भाग आहे. तो लांब आहे आणि त्याच्या पायऱ्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी उंचीच्या व रुंद पावठ्यांच्या आहेत. अशा पायऱ्यांवर दोन-दोन ओलांडत धावणे अवघड जाते आणि एक-एक चढताना गती आपोआप मंदावते. वर पोहोचेपर्यंत दम लागत नाही, आणि वाटेत अंगण, उजेड, खाली बसलेली माणसे सगळे दिसत राहते. साक्षीदार, फिर्यादी किंवा आरोपी म्हणून आलेल्या माणसाची धास्ती कमी व्हावी हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. हेतू बाजूला ठेवला तरी परिणाम मोजमापातूनच समजतो : जिन्याचा उतार कमी केला की त्याची लांबी वाढते, लांबी वाढली की तो दालनाच्या कोपऱ्यात मावत नाही, आणि मग त्याला दालनाच्या मध्यवर्ती जागेतच मांडावे लागते. म्हणजे माणसाच्या चालण्याबद्दलच्या एका निर्णयाने संपूर्ण दालनाची मांडणी ठरवली. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी या इमारतीचे दर्शनी चित्र गिरवण्यापेक्षा तिचा उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखे दाखवणारे चित्र, समजून घ्यावा असे मला वाटते ते याच कारणासाठी.

वाद आणि त्यातले तथ्य

पडद्यामागून दर्शनी भिंत उघडी झाली तेव्हा शहरात आणि वृत्तपत्रांत तीव्र टीका झाली. भिंत अपुरी वाटते, खिडक्या चुकून सरकल्यासारख्या दिसतात, चौकाची प्रतिष्ठा घालवली, असा एकूण सूर होता. स्थापत्यजगतातील मतही एकमुखी नव्हते, कारण आधुनिकतेच्या कडव्या पुरस्कर्त्यांना ही इमारत जुन्याशी फारच तडजोड करणारी वाटण्यासारखी होती आणि परंपरेच्या बाजूने असणाऱ्यांना ती परकी वाटली.

या टीकेला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. चौक ही सर्वांची जागा आहे. जोडइमारतीच्या आत तुलनेने थोडी माणसे जातात आणि जातात तीही बहुधा नाइलाजाने. बाहेरची भिंत मात्र सगळे शहर रोज पाहते. ज्या नात्याची खरी उकल अंगणात आणि दालनात आहे ते नाते चौकात उभ्या असलेल्या माणसाला केवळ सरकवलेल्या खिडक्यांवरून ओळखायला सांगणे, ही त्याच्याकडून मोठीच अपेक्षा आहे. आस्प्लुंडच्या उत्तरातील हा खरा दोष मानावा लागेल, आणि तो शैलीचा दोष नाही. उलट बाजूने, टीकाकारांच्या मनात असलेला पर्याय, म्हणजे जुन्या दर्शनी भागाची हुबेहूब लांबण, प्रत्यक्षात आणला असता तर त्रिकोणी माथा असलेला मधला भाग आता मध्यावर राहिला नसता आणि जुन्या इमारतीची जी समतोल रचना वाचवायची होती तीच मोडली असती. १९२० च्या दशकातील अभिजात आराखड्यांत आस्प्लुंड याच अडचणीशी झगडत होता, हे त्या आराखड्यांच्या क्रमावरून स्पष्ट होते.

पुढे काय झाले

आस्प्लुंड १९४० साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी वारला. गोथेनबर्गच्या कामाच्या जोडीनेच आकाराला आलेले वन-स्मशानभूमीतील दहनगृह त्याच वर्षी पूर्ण झाले होते. त्याच्या शेवटच्या काही वर्षांतील कामांचा, त्यात नगरभवनाचाही, प्रभाव शेजारच्या डेन्मार्कमध्ये लवकर दिसला. आर्ने याकोबसेन आणि एरिक मोलर यांनी बांधलेल्या आणि १९४१ साली उद्घाटन झालेल्या ऑर्हुस शहराच्या नगरभवनात सज्जांनी वेढलेले उंच दालन, छतातून येणारा उजेड आणि लाकडाचा उबदार वापर यांची जवळीक सहज ओळखू येते. तिथेही नागरिकांनी वाद घातला आणि मूळ आराखड्यात नसलेला मनोरा बांधायला लावला.

वारसा-संवर्धनाच्या तत्त्वांनी या प्रकरणाला उशिरा पाठबळ दिले. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या, म्हणजे वारसा-इमारतींच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मसुद्याच्या, नवव्या कलमात म्हटले आहे की अपरिहार्य असलेले नवे काम मूळ रचनेपासून वेगळे ओळखू यावे आणि त्याच्यावर त्याच्या काळाची खूण असावी. तेराव्या कलमात जोडकामामुळे मूळ इमारतीच्या रचनेचा तोल आणि तिच्या परिसराशी असलेले नाते बिघडू नये अशी अट आहे. ही दोन कलमे अनेकदा एकमेकांविरुद्ध वापरली जातात, कोणी पहिल्याचा आधार घेऊन काचेचा डबा उभा करतो, तर कोणी दुसऱ्याचा आधार घेऊन नक्कल. गोथेनबर्गमध्ये दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या आहेत, आणि त्या पाळण्यासाठी कराव्या लागलेल्या तडजोडी भिंतीवर उघड दिसतात, हे मला तिचे बलस्थान वाटते.

२०१० साली शहराचे न्यायालय उलेव्ही स्टेडियमजवळच्या नव्या इमारतीत गेले. त्यानंतर नगरभवनाची दुरुस्ती होऊन ते महापालिकेच्या कारभारासाठी वापरात आले, त्यामुळे मंद चढणीचा जिना आज आरोपी आणि साक्षीदारांऐवजी अधिकारी, कर्मचारी आणि पाहुणे चढतात. न्यायदालनांची वक्र लाकडी वळणे बैठकांसाठी वापरता येतात, आणि वाट पाहण्यासाठी बांधलेल्या दालनात आता वाट पाहणारे फारसे कोणी नसते. वापर बदलला तरी इमारत निरुपयोगी झाली नाही याचे श्रेय अंगण, उजेड आणि प्रवेश यांच्या मूळ मांडणीला आहे. न्यायालयासाठी म्हणून केलेले सूक्ष्म विचार मात्र आता माहितगाराने दाखवून दिल्याशिवाय समजत नाहीत. मुख्य प्रवेश अजूनही जुन्या इमारतीच्या मधल्या दारातूनच आहे.